लव्हाळा, ताग आणि केळघरचे शेलार

"बासष्ट!" तात्या ओरडले. "हातभर जागेत बासष्ट! काल इथंच चाळीस उपटले होते मी. शालन, लिहून ठेव."

"कुठं लिहू? सातबाऱ्यावर?" मी मागच्या दारात तांदूळ निवडत बसले होते.

"चेष्टा करू नकोस."

"मग तुम्ही मोजू नका. तुम्ही मोजता म्हणून तो वाढतो."

तात्यांनी उकिडवं बसल्या बसल्याच माझ्याकडं रागानं पाहिलं आणि परत खुरपं चालवायला लागले.

ही गोष्ट रहिमतपूरची, मी चोवीस वर्षांची असतानाची. तात्या म्हणजे माझे वडील, मोजणी खात्यातून नुकतेच रिटायर झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं मोजली. घाडगे मोजणीदारांनी रोवलेला हद्दीचा दगड कोर्टातसुद्धा हलत नाही, असं तालुक्यात बोललं जायचं. एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊबंदही तात्यांनी सांगितलेली हद्द मुकाट्यानं कबूल करायचे. या माणसाला खोटं बोलताच येत नाही, अशी माझीही पक्की समजूत होती. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा ते लव्हाळा मोजायला लागले.

लव्हाळ्याचं ते चिवट गवत माजलं होतं ते घरामागच्या दोन गुंठ्यांत. ती जागा आईची. तिथं ती शेवंती लावायची, पिवळीधमक. दिवाळीत गल्लीतल्या एकाही बाईच्या डोक्यात दुसरीकडचं फूल दिसायचं नाही. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं त्या जागेकडं कुणी फिरकलं नव्हतं. मी शिकायला साताऱ्याला होते. तात्या घरातच असून का फिरकले नाहीत, ते मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

"काय तात्या, आज किती?" भिंतीवरून पांढरी टोपी वर आली. टोपीखाली गिरमे. त्यांची पिठाची गिरणी आमच्या भिंतीला लागून. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याला खिजवल्याशिवाय त्याला सकाळचा चहा गोड लागायचा नाही.

"बासष्ट," मी सांगितलं.

"तुमच्याच्यानं नाही व्हायचं ते, तात्या. भाऊबंद का आहे तो, दगड रोवला की गप बसायला? त्यापेक्षा जागा मला द्या. मिरची कांडप टाकतो. खाली फरशी घातली की लव्हाळ्याचं नावनिशाण उरायचं नाही."

हे ते महिन्यातून चारदा बोलायचे. त्या दिवशी मात्र तात्या उठले. गुडघ्यावरची माती झटकली आणि खुरपं भिंतीकडं रोखून म्हणाले, "गिरमे, दसऱ्याला या. दसऱ्याला ह्या दोन गुंठ्यांत लव्हाळ्याची एक काडी जरी दिसली तरी जागा तुमची. घाडग्याचा शब्द आहे."

माझ्या हातातलं सूप पालथं झालं. गिरमेंनी टोपी नीट केली, "बरं तर, दसऱ्याला," म्हणाले आणि भिंतीखाली गेले. तात्यांनी एकदा दिलेला शब्द मागं घेतला, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आईच्या शेवंतीच्या जागी दिवसभर खाडखाड मुसळं आपटणार आणि मिरचीचा खकाणा उडणार, या विचारानंच मला रडू यायला लागलं. पण रडून उपयोग नव्हता. तांदूळ गोळा करायचे होते.

दर गुरुवारी शेजारच्या धामणेरहून हौसामावशी भाजीची पाटी घेऊन यायच्या. मी त्यांना मागं नेऊन सगळा प्रकार दाखवला. त्यांनी तोंडाला पदर लावून आधी पोटभर हसून घेतलं.

"खुरप्यानं काढतोय व्हय मोजणीदार? आवं, मग तर त्यो रोज लगीन लावतोय लव्हाळ्याचं! खाली गाठी असत्यात त्येला, एकीला एक बांधल्यावानी. खुरप्यानं मधला दोरा तुटला की परत्येक गाठ सवती हुती आन् आपला संसार मांडती."

"मग करायचं काय, मावशी?"

"त्येला अंधार दावायचा. दाट ताग पेर. इतका दाट, की मधनं मांजर जाऊ नये. ताग डोक्याइतका हुतो, खाली ऊन पोचत न्हाई, लव्हाळा जागच्या जागी झुरतो. पर एक ध्यानात ठेव, शालन. फूल लागलं की ताग कापायचा आन् तितंच मातीत गाडायचा. शेंग धरली की गेला. काडीचा दोर हुतो, पानं झडत्यात, खाली ऊन जातं. मग लव्हाळा म्हनतो, या, बसा, च्या घ्या."

पुढच्या गुरुवारी त्यांनी पाटीत कोथिंबिरीखाली लपवून तीन किलो बी आणलं. लपवायचं कारण मीच. गवत घालवायला त्याच्यावर आणखी काहीतरी पेरायचं, हे तात्यांना पटलं नसतं. शिवाय भाजीवालीचं ऐकून मोजणीदार शेती करणार? मग मी सरळ थाप मारली.

"तात्या, फुलझाडाचं बी आणलंय. पिवळी फुलं येतात. आईला आवडली असती."

त्यांनी तळहातावर बी घेतलं, चष्मा वर करून बघितलं. "कसलं फुलझाड?"

"नाव इंग्रजी आहे. लक्षात नाही राहिलं."

"बी. ए. झालीस ना गं तू?"

"मराठी घेऊन झाले."

"बरं," म्हणाले आणि बी माझ्या हातात परत ओतलं. मला वाटलं, जिंकले. लव्हाळा वरवर खणून काढला, पावसाची एक सर येऊन गेली होती, तेवढ्यात बी फेकलं.

ताग आला तो मात्र बघण्यासारखा. आठवड्यात माती हिरवी झाली, महिन्यात माझ्या कमरेला लागला, आणि गणपती येईपर्यंत माझ्या कपाळाशी आला. मी रोज पोटावर पडून आत डोकवायचे. खाली संध्याकाळसारखा अंधार, आणि त्यात लव्हाळा पांढरट, लुळा, कावीळ झाल्यासारखा. मला इतका आनंद व्हायचा की मी त्याला वाकुल्या दाखवायचे. खोटं कशाला सांगू? खरंच दाखवायचे.

गिरमे भिंतीवरून विचारायचे, "हे काय रान वाढवलंय?" तात्या म्हणायचे, "फुलझाड आहे. नाव इंग्रजी आहे."

गणपती गेले आणि फुलं आली. सकाळी दार उघडलं आणि मी उभीच राहिले. दोन गुंठे नुसते पिवळे. शेवंतीपेक्षा उजळ, आणि वाऱ्यानं सगळं एकदम हलायचं. तात्या माझ्या मागं येऊन उभे राहिले. मग आत गेले, कॅनव्हासची आरामखुर्ची उचलून आणली, मधोमध थोडा ताग बाजूला सारून तिथं ठेवली आणि बसले.

"शालन, चहा इकडंच आण."

त्या दिवसापासून त्यांचा मुक्काम तिथंच. पेपर तिथं, दाढी तिथं. आई गेल्यापासून तिचं नाव न काढणारा माणूस आपण होऊन म्हणाला, "तुझी आई ह्या वेळेला पदरात फुलं घेऊन ह्याच बाजूनं यायची." मग ते म्हणाले, "ही फुलं अशीच राहू देत. कुणी हात लावायचा नाही."

आता आली का पंचाईत!

गुरुवारी हौसामावशींनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "फुलून आठ दिस झालं? आगं, शेंगा धरत्याल! ह्या ऐतवाराच्या आत काप, न्हाईतर दसऱ्याला गिरम्याच्या मिरच्या कांडत बस."

मी त्या दुपारी प्रयत्न केला. "तात्या, समजा ही फुलं कापली तर..."

"का म्हणून?" त्यांनी वर बघितलं. त्यांच्या चष्म्यावर एक पिवळी पाकळी पडली होती आणि ती त्यांनी काढलीही नव्हती. फुलझाड म्हणून मीच सांगितलेलं. आईचं नाव मीच घेतलेलं. आता कुठल्या तोंडानं सांगू, की तात्या, हे गाडायचं असतं?

त्यांना सांगता येत नाही आणि त्यांच्यासमोर कापता येत नाही. मग त्यांना दिवसभर घराबाहेर काढणं एवढाच मार्ग राहिला. आणि लग्नाच्या मुलीच्या बापाला घराबाहेर काढायचं असेल तर काय लागतं? एक स्थळ.

ते जेवून पडले असताना मी अंतर्देशीय पत्र घेतलं आणि डाव्या हातानं लिहायला बसले, अक्षर ओळखू नये म्हणून. गाव निवडलं केळघर, मेढ्याच्याही पलीकडचं. जायला तीन गाड्या बदलायच्या, म्हणजे माणूस दिवेलागणीशिवाय परत येत नाही. आडनाव घातलं शेलार. तिथं आमचं ओळखीचं कुणी नव्हतं, तेवढंच बघितलं.

'रा. रा. घाडगे साहेब यांस सा. न. वि. वि. आपली कन्या उपवर असल्याचे समजले. आमचे चिरंजीव जिल्हा परिषदेत कायम नोकरीस असून निर्व्यसनी व निमगोरे आहेत. शनिवारी सवडीने येऊन घर व मुलगा पाहून जावे. कळावे. आपला, गणपत बाळा शेलार.'

'निमगोरे' लिहिताना मला इतकं हसू आलं की शाई सांडली. चिकटवून, वर पत्ता घालून ते ओट्यावरच्या टपालात सरकवून दिलं.

तात्यांनी ते दोनदा वाचलं. उलटंपालटं करून बघितलं. "म्हाताऱ्याच्या हाताला कंप दिसतोय," म्हणाले.

"मला नाही करायचं लग्नबिग्न," मी स्वयंपाकघरातून ठसक्यात म्हणाले. सोंग करायचं तर पुरतं करावं.

"अगं, बघून यायला काय हरकत आहे? मुलगा निमगोरा आहे."

शनिवारी पहाटेच्या गाडीला निघाले. काळा कोट, टोपी, छत्री, मी बांधून दिलेल्या दशम्या. पुढच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरून मागच्या दारात जाऊन उभे राहिले. मला वाटलं, देवाला फुलं काढतायत. पण एकही फूल न काढता ते वळले, दार ओढून घेतलं आणि "येतो," म्हणाले.

मी निरोप धाडला होताच; गाडीचा आवाज गेला तशा हौसामावशी दोन विळे घेऊन आत आल्या. कोपऱ्यातून सुरुवात केली. एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून होतो तेवढा पट्टा, कापायचा, आडवा टाकायचा, तुकडे करायचे, वरनं कुदळीनं माती ओढायची. दहापर्यंत माझ्या हाताला फोड आले. कापलेल्या तागाला ओला, गोडसर वास येत होता आणि पिवळी फुलं मातीत जात होती. मधोमध खुर्चीपाशी आले तेव्हा मला पुढं सरवेना. तिथली माती त्यांच्या पायांनी दबली होती. मी खाली बसले आणि रडले.

"रड, पर विळा चालव," हौसामावशी म्हणाल्या. "आन् खाली बघ की जरा."

खाली लव्हाळा होता. होता म्हणजे काय, दोऱ्यासारख्या चार पांढऱ्या काड्या. बोटानं ओढली की मऊ मातीतून गाठीसकट हातात यायची. मी डोळे पुसले आणि कामाला लागले.

चारपर्यंत सगळं आडवं झालं. आरामखुर्ची मी भिंतीला टेकवून ठेवली. जागा मुंडण केल्यासारखी दिसत होती.

दिवे लागताना तात्या आले. पाय धुतले आणि सरळ मागच्या दाराशी गेले. सांगायचं काय, ते दिवसभर घोकून ठेवलं होतं.

"तात्या, गाई शिरल्या हो! कुठल्या कुणास ठाऊक. मी हाकलेपर्यंत सगळं खाऊन गेल्या."

त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत नजर फिरवली. "अगदी एका रेघेत खाल्लं गं गाईंनी," म्हणाले. "मला जमलं नसतं."

एवढंच. मी वाट बघत होते की ओरडतील, फैलावर घेतील. ते मागच्या दाराकडं पाठ करून पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ. शेलारांकडं पोटभर जेवण झालंय, पण ताकभात खाईन."

"कु... कुणाकडं?"

"शेलारांकडं. ज्यांच्याकडं गेलो होतो. माणसं चांगली आहेत. दारात दोन म्हशी आहेत. एक मारकी आहे, पण तुला सवय होईल."

जे शेलार मी गुरुवारी दुपारी जन्माला घातले, त्यांच्या दारात म्हशी कुठनं आल्या?

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं. विचारणं भागच होतं.

"मोजकं बोलतो. मी होतो तेवढ्यात तीन वाक्यं बोलला. त्यातली दोन म्हशीबद्दल."

"आणि तिसरं?"

"मीठ द्या म्हणाला. सासू जरा तोंडाळ आहे. पण ऐकायला कमी येतं, त्यामुळं तूही तिला काही बोललीस तर चालेल. मी होकार दिलाय. पुढच्या रविवारी तुला बघायला येतायत. सातजण."

खोटं आहे म्हणावं, तर 'तुला कसं माहीत?' हा प्रश्न आलाच. आणि खोटं नसेल, तर केळघरला खरंच कुणी शेलार आहेत आणि ते मला बघायला येतायत. मी नुसता भात चिवडत होते. तात्यांनी मात्र दोनदा ताक मागून घेतलं.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. तात्यांनी घर झाडून घेतलं, कपबशा काढायला लावल्या, आईची हिरवी साडी उन्हात टाकायला लावली. रोज शेलारांचं काहीतरी नवीन निघायचं. त्यांच्याकडं चुलीला लाकडं नाहीत, शेणी लागतात. चहा गुळाचा लागतो. धाकटी नणंद आहे, रागीट. गुरुवारी हौसामावशींना सांगितलं तर त्यांची पाटी डोक्यावरनं खाली यायची वेळ आली. "आता कर संसार! तूच काढलंस ना त्यांना?"

रविवारी सकाळी हिरवी साडी नेसून मी पोह्यांना फोडणी टाकली. तात्या कोट घालून ओट्यावर बसले होते. "दहाची गाडी आली बहुतेक," ते आतल्या अंगाला ओरडले. "पदर नीट घे."

मी परात खाली ठेवली, बाहेर आले आणि त्यांच्या पायापाशी बसले. "तात्या, कुणी येणार नाही. शेलार नाहीतच. पत्र मी लिहिलं. गाई नव्हत्या, मीच कापलं. ते फुलझाड नाही, ताग आहे. लव्हाळा मारायला पेरला होता. मी सगळं खोटं बोलले हो."

"माहीत आहे," तात्या म्हणाले. "पोहे आण. गार होतील."

मी हललेच नाही. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पत्र काढून माझ्यासमोर धरलं. मोजणीच्या कागदावर चूक सापडली की ते लाल पेन्सिलीनं गोल करायचे. पत्रावरच्या छापील तिकिटाभोवती तसाच लाल गोल होता.

"पोस्टाचा शिक्का कुठाय? केळघरहून आलेलं पत्र, ना तिथला शिक्का ना इथला. चालत आलं का ते?"

"मग तुम्ही गेलात कशाला?"

"आणि ताग म्हणे फुलझाड! बत्तीस वर्षं लोकांची शेतं तुडवली मी, शालन. बी हातावर घेतलं तेव्हाच ओळखलं. नाव इंग्रजी म्हणे!"

"मग बोलला का नाहीत?"

"इतकी मन लावून थापा मारत होतीस. मोडावंसं वाटलं नाही." ते हसले, आणि मग हसू गेलं. "फुलं आली की कापायचा असतो, तेही ठाऊक होतं. पण तुझ्या आईची शेवंती मीच मारली गं. ती गेली आणि मी त्या जागेत पाण्याचा एक तांब्या घातला नाही. बघत बसलो, वाळली. आता तिथं परत पिवळं झालेलं, ते आपल्याच हातानं काप म्हणायचं? माझ्या जिभेवर येईना. तुझं पत्र आलं तेव्हा सुटल्यासारखं झालं. साताऱ्याच्या स्टँडवर दिवसभर बसलो होतो. दशम्या चांगल्या झाल्या होत्या."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी थोपटलं आणि म्हणाले, "आता पोहे. सातजणांचे आहेत, दोघांनी संपवायचे आहेत."

केळघरचे शेलार मात्र त्या दिवशी गेले नाहीत, ते घरातच राहिले. छत्री सापडेना की तात्या म्हणायचे, शेलारांकडं राहिली असेल. पुढं माझं लग्न कराडला झालं, तेव्हा अक्षता पडल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्या पोराला कळवायला पाहिजे गं. म्हशी घेऊन थांबला असेल."

पण राहिला होता दसरा. गाडलेला ताग पंधरा दिवसांत काळा होऊन मातीत मिसळला. रोज सकाळी आम्ही दोघं वाकून फिरायचो. कुठं लव्हाळ्याची काडी डोकावली की बोटानं माती उकरून गाठीसकट काढायची. खुरपं मी कडीकुलपात टाकलं होतं. काड्या रोज कमी होत गेल्या. दसऱ्याच्या सकाळी एकही नव्हती. तात्यांनी दोनदा फिरून खात्री केली आणि खुर्ची मागं आणायला सांगितली.

तिसऱ्या प्रहरी गिरमे आपट्याची पानं घेऊन आले. मी आत चहा टाकला होता. खिडकीतून दिसत होतं. टोपी सरळ करून गिरमे कोपऱ्यापासून सुरू झाले. वाकत होते, माती चिवडत होते, काठीनं ढेकळं उलटत होते. तात्या आरामखुर्चीत टेकून बसले होते. मला जरा नवल वाटलं, कारण कुणाची मोजणी चालू असताना ते बसून राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

"हे काय?" गिरमे ओरडले. मी खिडकीला नाक लावलं.

"ताग. बुडख्याला फुटलाय," तात्या जागचे न हलता म्हणाले. "पान बघा की."

गिरमे चारी बाजू फिरून खुर्चीपाशी आले. मी चहा घेऊन गेले. कप ठेवायला खाली वाकले आणि मला ते दिसलं. खुर्चीच्या कॅनव्हासखाली, अगदी मधोमध, वीतभर लव्हाळा. चांगला तरतरीत, वर तपकिरी तुरा. कॅनव्हासला खालून टेकला होता.

मी वर बघितलं. तात्या माझ्याकडं बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, कान मात्र लाल झाले होते.

"तात्या, जरा उठता का?" गिरमे म्हणाले. "तेवढी जागा राहिली."

"गुडघा धरलाय सकाळपासून."

"मी हात देतो."

"हात नको, सोनं द्या. दसऱ्याला घरी आलात, मोठ्या माणसाला आधी सोनं देणार की खुर्ची मोजणार?"

झालं! आता गिरमे वाकणार पाया पडायला, आणि वाकला की खालचं सगळं दिसणार. पण तात्यांनी दोन्ही पाय लांबच्या लांब पुढं पसरले, धोतराचा सोगा खुर्चीच्या कडेनं खाली सोडला, आणि गिरमे पावलांपाशी वाकले तसे दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद द्यायला लागले. भरभराट होवो. गिरणी चालो. मुलाबाळांचं कल्याण होवो. नातवंडं होवोत. दाबून धरलेली टोपी गिरमेंच्या डोळ्यांवर आली, तरी तात्यांचा आशीर्वाद संपेना.

"पुरे, पुरे तात्या," टोपीखालून आवाज आला. गिरमे कसेबसे मागं सरून उभे राहिले. टोपी वर केली. एकदा सगळ्या जागेवरून नजर फिरवली. "मानलं तुम्हाला. घाडग्यांचा शब्द म्हणजे शब्द. जागा तुमची तुम्हाला लखलाभ." उभ्यानंच चहा प्याले आणि गेले.

पुढच्या फाटकाची कडी वाजेपर्यंत तात्या हलले नाहीत. मग म्हणाले, "गेला?"

"गेला. तात्या! तुम्ही?"

"तागाच्या फुटव्याआड लपला होता, गिरम्यानं फाटक उघडलं तेव्हा दिसला गं मला. काढायला वेळच नव्हता. मग काय करतो? बसलो." ते उठले, खुर्ची बाजूला केली आणि कमरेवर हात ठेवून त्या तुऱ्याकडं बघत राहिले. "बत्तीस वर्षांत कुणाचं बोटभर इकडचं तिकडं केलं नव्हतं."

"खुरपं आणू?" मी हसू दाबत विचारलं.

"खबरदार!"

ते गुडघ्यावर बसले. धरलेला गुडघा चांगला मुडपत होता. एका बोटानं माती उकरत उकरत खाली गेले आणि काळी गाठ अख्खी बाहेर काढली. धोतराला पुसली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं वरून मिटवली.

"केळघरला पाठवून दे," तात्या म्हणाले. "ह्या वेळी शिक्का मारून."